टेबलावर मावणारा मायक्रोग्रिड : २४ व्होल्टच्या शैक्षणिक संचाची बांधणी

महाविद्यालयांतील नवीकरणीय ऊर्जेच्या प्रयोगशाळेत बहुधा एक पॅनेल, एक चार्ज कंट्रोलर, एक बॅटरी आणि एक इन्व्हर्टर एका फळीवर बसवलेले असतात आणि त्या फळीला हल्ली सर्रास मायक्रोग्रिड म्हटले जाते. ते म्हणणे जरा घाईचे आहे. एकाच बसबारला (सर्व स्रोत व लोड ज्या सामाईक पट्टीला जोडतात तो; पुढे नुसते ‘बस’) दुसरा स्रोत जोडला, कोणी किती लोड उचलायचा हा प्रश्न उभा राहिला आणि तो कोणी बटण न दाबता सुटू लागला, म्हणजे मायक्रोग्रिड सुरू झाला. ही वाटणी विद्यार्थ्याला दिसावी, मोजता यावी आणि मुद्दाम बिघडवताही यावी, एवढ्यासाठी पुढील संच रचला आहे. बाजारात मिळणारे बंद पेटीतले संच वाईट नसतात. परंतु त्यांत नेमकी ही वाटणीच पेटीच्या आत राहते.

संचाचा आकार लहान ठेवावा. ५० वॉटची दोन पॅनेल, १२.८ व्होल्ट व १२ अँपिअर-तासांची एक लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, २४ व्होल्टचा एक डीसी बसबार आणि चार-पाच लोड एवढे पुरेसे आहे. जुन्नर तालुक्यातील दरेवाडीत २०१२ मध्ये उभा राहिलेला सौर मायक्रोग्रिड सुमारे ९.४ किलोवॅटचा होता, म्हणजे या संचाच्या नव्वदपटींहून मोठा. मात्र दुपारी बॅटरी भरल्यावर पॅनेलचे काय करायचे आणि रात्री बॅटरी उतरू लागली की कोणता लोड आधी सोडायचा, हे प्रश्न टेबलावरही तसेच्या तसे येतात.

२४ व्होल्टच का

घरगुती डीसी वितरणासाठी भारतात ४८ व्होल्टवर बरेच काम झाले आहे आणि मद्रास येथील आयआयटीच्या गटाने राजस्थानातील घरांपर्यंत ते नेले. तरीही शिकवण्याच्या संचासाठी आम्ही २४ व्होल्ट निवडतो, त्याचे पहिले कारण सुरक्षितता आणि दुसरे कारण ट्रक. ट्रकची विद्युतयंत्रणा २४ व्होल्टची असल्याने बल्ब, होल्डर, रिले, फ्यूज हे सारे तालुक्याच्या गावातील ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते, आणि प्रयोगाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी एखादा भाग जळाला तर हीच गोष्ट सर्वांत मोलाची ठरते. वाहनांत वापरले जाणारे पात्याचे फ्यूज ३२ व्होल्ट डीसीसाठीच बनवलेले असतात, त्यामुळे ते येथे निर्धास्त वापरता येतात. घरच्या वितरणपेटीतील एसी एमसीबी मात्र वापरू नये. एसी प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो आणि ठिणगी आपोआप विझते; डीसीमध्ये तसे होत नाही, संपर्क सुटल्यावरही ठिणगी ताणली जाऊन पेटती राहू शकते. स्विच हवाच असेल तर त्यावर डीसीचे व्होल्टेज व प्रवाह स्वतंत्रपणे लिहिलेले आहेत, हे पाहूनच घ्यावा.

२४ व्होल्टचा झटका बसत नाही, हे खरे. पण शॉर्ट झालेली बॅटरी मनगटातील कडे किंवा बोटातील अंगठी क्षणात लालभडक करू शकते. म्हणून संचावर काम करताना हातातील धातूच्या वस्तू काढून ठेवण्याचा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा, आणि तो शिक्षकांनीही पाळावा.

बसबार, तारा आणि फ्यूज

दोन फूट बाय चार फुटांच्या प्लायवर मधोमध तांब्याच्या दोन पट्ट्या, एक धन व एक ऋण, इन्सुलेटरवर बसवाव्यात आणि त्यांवर पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचे झाकण ठेवावे. झाकण पारदर्शकच असावे, कारण कोणती तार कोठे जाते हे विद्यार्थ्याला बोटाने दाखवता आले पाहिजे. प्रत्येक नोडच्या (बसबारला जोडलेल्या प्रत्येक स्रोताच्या किंवा लोडच्या) धन तारेवर, बसबारपासून शक्य तितक्या जवळ, स्वतंत्र फ्यूज लावावा. स्रोतांसाठी ५ अँपिअर, बल्बसाठी ३ अँपिअर, आणि बॅटरीच्या टोकाला, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत, १० अँपिअर. फ्यूज तारेला वाचवण्यासाठी असतो. तो तारेच्या दूरच्या टोकाला लावला तर मधली सारी तार उघडी पडते.

तारेची जाडी ठरवताना केवळ ती तापते की नाही एवढे पाहून भागत नाही. २.५ चौरस मिलिमीटरच्या बहुतारी तांब्याच्या केबलचा रोध मीटरला सुमारे ८ मिलिओम असतो. नोड ५ मीटर अंतरावर असेल तर जाऊन-येऊन १० मीटर तार होते, म्हणजे ०.०८ ओम, आणि ५ अँपिअरला ०.४ व्होल्टची घट. २४ व्होल्टच्या संचात ही घट क्षुल्लक नाही. पुढे दिसेल की लोडची वाटणी याहूनही लहान फरकांवर ठरते. म्हणून एक नोड मुद्दाम लांब केबलीवर ठेवावा आणि बाकीचे जवळ. केबलीच्या टोकांना लग (तारेच्या टोकावर बसणारे धातूचे टोपण) दाबूनच जोडणी करावी. नुसते तारांचे केस पिळून पेचाखाली आवळले, की चार महिन्यांत तेथे लूज कनेक्शन होते आणि दोष सॉफ्टवेअरमध्ये शोधला जातो.

कन्व्हर्टर : एकच पट्टी, दोन कामे

तयार चार्ज कंट्रोलर येथे उपयोगाचा नाही, कारण त्याच्या आतील नियम बदलता येत नाहीत. दोन मॉसफेटचा (जलद इलेक्ट्रॉनिक स्विचचा) हाफ-ब्रिज, म्हणजे एकावर एक जोडलेली जोडी, ४७ मायक्रोहेन्रीचे कॉइल, दोन्ही बाजूंना ४७० मायक्रोफॅरड व ५० व्होल्टचे कपॅसिटर आणि गेट (मॉसफेट चालू-बंद करणारे टोक) चालवण्यासाठी आयआर२१०४ सारखी ड्रायव्हर चिप, एवढ्यावर एक पट्टी, म्हणजे व्होल्टेज बदलणाऱ्या कन्व्हर्टरचा सर्किट बोर्ड, तयार होते. बॅटरी कमी व्होल्टेजच्या बाजूला व बस जास्त व्होल्टेजच्या बाजूला जोडली की हीच पट्टी बॅटरीकडून बसकडे व्होल्टेज चढवते आणि बसकडून बॅटरीकडे उतरवते. १०० किलोहर्ट्झ वारंवारतेला कॉइलमधील प्रवाहाची लाट सुमारे १.३ अँपिअर येते. कॉइल १० अँपिअरपर्यंत संपृक्त न होणारे, म्हणजे ज्याच्या गाभ्याची चुंबकीय क्षमता तोवर संपत नाही असे, घ्यावे. संपृक्त झालेल्या कॉइलचा अनुभव मॉसफेट फुटण्याच्या आवाजाने येतो.

या पट्टीच्या तीन सवयी आधीच समजून घ्याव्यात. आयआर२१०४ स्वतःहून सुमारे ५२० नॅनोसेकंदांचा मृतकाल, म्हणजे दोन्ही मॉसफेट बंद असण्याचा वेळ, ठेवते. १० मायक्रोसेकंदांच्या आवर्तनात प्रत्येक बदलाला ५ टक्के वेळ जातो, आणि म्हणून कागदावरचे ड्यूटीचे (आवर्तनातील किती भाग मॉसफेट चालू राहतो याचे) गणित व प्रत्यक्ष व्होल्टेज जुळत नाहीत. दुसरी सवय अधिक गंभीर आहे. व्होल्टेज चढवणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये वरच्या मॉसफेटच्या अंगच्या डायोडमधून बॅटरीपासून बसपर्यंत एक वाट कायम उघडी असते, त्यामुळे बसवर शॉर्ट झाल्यास कन्व्हर्टर बंद करूनही प्रवाह थांबत नाही. तेथे फ्यूज हाच खरा रक्षक. तिसरी सवय म्हणजे लोड अचानक सुटला आणि प्रोग्रॅम अडकला, तर हा कन्व्हर्टर बसचे व्होल्टेज चढवतच राहतो. म्हणून २७ व्होल्टला ड्रायव्हर बंद करणारा साधा कंपॅरेटर (दोन व्होल्टेजची तुलना करणारी चिप) पट्टीवरच असावा. हे काम मायक्रोकंट्रोलरवर, म्हणजे प्रोग्रॅम चालवणाऱ्या चिपवर, सोपवू नये.

पॅनेलच्या नोडवर तीच पट्टी वापरावी, फक्त वरच्या मॉसफेटच्या जागी एकाच दिशेने प्रवाह जाऊ देणारा शॉटकी डायोड लावावा, म्हणजे रात्री बसवरची ऊर्जा पॅनेलमध्ये उलटी शिरत नाही. ३६ सेलच्या पॅनेलचे उघडे व्होल्टेज सुमारे २२ आणि कमाल शक्तीचे सुमारे १८ असते, म्हणून चढवणारा कन्व्हर्टर येथे बसतो. दोन पॅनेल एकामागे एक जोडण्याचा मोह टाळावा. ती दोन स्वतंत्र नोडवर राहिली, तरच एकावर सावली पाडून दुसऱ्याकडे पाहता येते.

नियंत्रणासाठी एसटीएम३२ जी४ कुटुंबातील मायक्रोकंट्रोलर घ्यावा. ईएसपी३२ स्वस्त आहे आणि विद्यार्थ्यांना सवयीचाही आहे, पण त्याचे अ‍ॅनालॉग मापन सरळ रेषेत नसते. त्याला वायफायवरून नोंदी पाठवण्याचे काम द्यावे. स्वतः पट्टी आखण्याइतका वेळ नसेल तर लिब्र सोलर आणि ओनटेक या प्रकल्पांचे आराखडे मुक्त आहेत. त्यांवरून सुरुवात करण्यात कमीपणा नाही.

मापन

नोंदींसाठी आयएनए२२६ ही चिप पुरेशी आहे. १० मिलिओमच्या शंटवर (प्रवाह मोजण्यासाठी वाटेत लावलेल्या लहान रोधावर) ती सुमारे ८ अँपिअरपर्यंत मोजते आणि एका आयटूसी तारेवर, म्हणजे चिपमधील संदेशांच्या सामाईक तारेवर, अशा १६ चिप बसतात. तिची मर्यादा ३६ व्होल्टची आहे, हे विसरू नये. वर सांगितलेला कंपॅरेटर तिलाही वाचवतो. ती नियंत्रणाच्या आतल्या चक्रासाठी मात्र संथ आहे, तेथे शंटवर वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लावून थेट मायक्रोकंट्रोलरकडे न्यावे. शंटला चार तारा हव्यात, दोन जाड प्रवाहाच्या आणि दोन बारीक मापनाच्या, आणि बारीक तारांचा डाग शंटच्या स्वतःच्या टोकांवरच द्यावा. एका जाडसर डागाने १ मिलिओमची भर पडली तरी मापन १० टक्क्यांनी चुकते.

सर्व नोडचे व्होल्टेज-मापन एकाच मल्टिमीटरवरून जुळवून घ्यावे. मल्टिमीटर स्वतः थोडा चुकत असला तरी चालेल. सर्व नोड सारखेच चुकले पाहिजेत.

वाटणीचा नियम

आता संचाचा गाभा. बेंच-सप्लायवर (व्होल्टेज व प्रवाहाची मर्यादा ठरवता येणाऱ्या टेबलावरच्या वीजपुरवठ्यावर) चालणाऱ्या दोन सारख्या पट्ट्या घ्याव्यात आणि दोघींना बसवर नेमके २४.० व्होल्ट धरून ठेवण्याचा आदेश द्यावा. प्रत्यक्षात एक २४.० आणि दुसरी २४.१ धरते, कारण मापनात तेवढा फरक राहतोच. दोघींमधील तारांचा रोध मिळून ०.०४ ओम असेल, तर या ०.१ व्होल्टपायी २.५ अँपिअर एकीकडून दुसरीकडे वाहू पाहतात. लोड काहीच नाही आणि एक स्रोत दुसऱ्याला पाजतो आहे, हे दृश्य विद्यार्थ्यांनी पाहिले पाहिजे. यातील मीटर समोरासमोर ठेवावेत : एकावर अधिक २.५ आणि दुसऱ्यावर जवळपास तेवढेच उणे.

मग प्रत्येक पट्टीच्या प्रोग्रॅममध्ये एक ओळ घालावी : धरायचे व्होल्टेज = २४.० − ०.३ × बाहेर जाणारा प्रवाह. यालाच ड्रूप म्हणतात. पट्टी जणू आपल्या पोटात ०.३ ओमचा रोध असल्याचे सोंग करते. खरा रोध लावला असता तर ऊर्जा जळाली असती, येथे ती जळत नाही. मापनातील तोच ०.१ व्होल्टचा फरक आता ०.६४ ओमवर विभागला जातो आणि फिरणारा प्रवाह सुमारे ०.१६ अँपिअरवर उतरतो. एका पट्टीचा ड्रूप ०.३ आणि दुसरीचा ०.६ ठेवला तर ४.५ अँपिअरच्या लोडपैकी पहिली ३ आणि दुसरी १.५ उचलते, आणि बस २३.१ व्होल्टवर स्थिरावते. दोघींमध्ये एकही संदेशतार नाही. आपल्याकडे किती काम आले हे प्रत्येक पट्टीला आपल्याच प्रवाहावरून कळते. एका पट्टीचा फ्यूज काढला तरी दुसरी न विचारता पुढे येते.

याची किंमत व्होल्टेजमध्ये मोजावी लागते. ड्रूप वाढवला की वाटणी सुधारते आणि बस खाली बसते. तो कमी केला की बस ताठ राहते आणि वाटणी बिघडते. लांब केबलीवरचा नोड आपल्या ०.०८ ओममुळे वाटणीत मागे पडतो, हेही येथेच मोजून दाखवावे. संशोधनाला वाव आहे तो याच ओढाताणीत, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्याला विषय सुचवायचा झाल्यास तो येथूनच सुचवावा.

बसचे व्होल्टेज हाच संदेश

बॅटरीचा नोड ड्रूपने बस धरतो. पॅनेलचे नोड एरवी जेवढी शक्ती मिळेल तेवढी बसवर ओततात. बॅटरीत ३ अँपिअर शिरत असताना बस २४.९ वर असते. बॅटरी भरली की तिचा नोड प्रवाह घेणे थांबवतो, बस वर सरकते, आणि २५.२ ला पोहोचताच पॅनेलचे नोड कमाल शक्तीचा पाठपुरावा सोडून तेच व्होल्टेज धरून बसतात. उलट बाजूला, बॅटरी उतरू लागली की तिचा नोड आपले मूळचे २४.० हे अंक ०.६ ने खाली आणतो. लोडच्या नोडना एवढाच निरोप पुरतो. पंखा २२.८ ला सुटतो, बल्ब २२.४ ला, आणि प्रयोगशाळेच्या दाराजवळचा दिवा अगदी शेवटी.

लोडशेडिंगच्या दिवसांत वाढलेल्यांना हा क्रम समजावून सांगावा लागत नाही. एक काळजी मात्र घ्यावी : सोडलेला लोड २३.४ च्या वर व्होल्टेज निदान ३० सेकंद टिकल्याशिवाय परत घेऊ नये. लोड सुटताच बस वर उसळते, लोड लगेच परत येतो, बस पुन्हा बसते, आणि रिले शिलाई यंत्रासारखा टकटकत राहतो.

लोड निवडताना विविधता हवी. ट्रकचा २१ वॉटचा बल्ब साधा वाटतो, पण त्याची थंड तार चालू करताना नेहमीच्या सुमारे दहापट प्रवाह ओढते, आणि तो क्षण ऑसिलोस्कोपवर पकडण्यासारखा आहे. दुसरा लोड २४ चे १२ करणाऱ्या मॉड्यूलमागे लावलेला हेडलाइटचा ६० वॉटचा बल्ब. बस खाली गेली तरी मॉड्यूल बल्बला १२ व्होल्ट देतच राहते, म्हणून ते बसवरून उलट जास्त प्रवाह ओढते. मॉड्यूलमधील घट सोडून दिली तर २४ व्होल्टला २.५ आणि २२.८ ला २.६३ अँपिअर. २४ व्होल्टच्या आसपास हा लोड उणे ९.६ ओमच्या रोधासारखा वागतो आणि लांब केबलीच्या टोकाला बसला तर दोलने उठवू शकतो. दोलने दिसली तर मॉड्यूलच्या तोंडाशी ४७० मायक्रोफॅरडचा साधा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर लावून पाहावा.

संच पहिल्यांदा चालू करताना

बॅटरी सर्वांत शेवटी जोडावी. आधी प्रत्येक पट्टी प्रवाहाची मर्यादा अर्ध्या अँपिअरवर ठेवलेल्या बेंच-सप्लायवर चालवावी, मग एका बल्बसह, मग दोन पट्ट्या एकत्र. बसवरचे कपॅसिटर रिकामे असताना बॅटरी थेट जोडली तर पेचाच्या टोकाशी ठिणगी उडते. त्याआधी ४७ ओमचा रोध काही सेकंद लावून बस भरून घ्यावी.

येथे आमच्या हातून घडलेली एक चूक सांगणे आवश्यक आहे. संच चालू असताना एका विद्यार्थ्याने नोड हलवण्यासाठी आधी ऋण तार सोडली, धन तार तशीच राहिली. चार अँपिअरना परतीची जाड वाट उरली नाही, म्हणून ते नोडच्या मायक्रोकंट्रोलरमधून यूएसबीच्या बारीक तारेत, तेथून लॅपटॉपमध्ये आणि लॅपटॉपला जोडलेल्या दुसऱ्या नोडमधून बसबारवर परतले. तारेचे आवरण मऊ होऊन वास आला तेव्हा कळले. लॅपटॉपचे दोन पोर्ट कायमचे गेले. तेव्हापासून लॅपटॉप यूएसबी आयसोलेटरशिवाय (विजेची थेट जोडणी तोडून फक्त संदेश जाऊ देणाऱ्या उपकरणाशिवाय) जोडायचा नाही, नोडमध्ये आरएस-४८५ ची संदेशतार टाकलीच तर ती तशाच विलग चिपमधून न्यायची, आणि नोड सोडताना आधी फ्यूज काढायचा, मग धन, मग ऋण, हा क्रम फळीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला आहे.

पावसाळ्यात आणि सुटीत

सत्र जूनमध्ये सुरू होते आणि सूर्य सप्टेंबरपर्यंत भरवशाचा नसतो. हॅलोजन दिव्यांनी खोली तापते, पॅनेलला मात्र जेमतेम उजेड मिळतो. त्याऐवजी पॅनेल काळ्या कापडाने झाकून त्याच्या दोन टोकांवर बेंच-सप्लाय समांतर जोडावा, प्रवाहाची मर्यादा ३ अँपिअर आणि व्होल्टेजची मर्यादा २५ ठेवावी. सप्लाय उन्हाने निर्माण होणाऱ्या प्रवाहाची जागा घेतो आणि पॅनेलमधील सेल डायोडप्रमाणे वागून वक्ररेषेला खरा आकार देतात. प्रवाहाची मर्यादा फिरवली की ढग आला. लोड नसताना सारी ऊर्जा पॅनेलमध्येच जिरते आणि ते तापते, म्हणून ते फळीवर पालथे न घालता हवेशीर उभे ठेवावे.

सुटीपूर्वी बॅटरी निम्म्यावर आणून ठेवावी आणि तिचा १० अँपिअरचा फ्यूज काढून घ्यावा. सर्व नोड बंद दिसत असले तरी त्यांतील चिप मिळून २० मिलिअँपिअर सहज पितात. ४५ दिवसांच्या सुटीत ते २१.६ अँपिअर-तास होतात आणि आपली बॅटरी १२ ची आहे. काढलेला फ्यूज पाकिटात घालून बॅटरीच्याच हँडलला बांधावा, नाहीतर जूनमध्ये कोणीतरी त्या जागी तारेचा तुकडा लावतो.